घरच्यांचा घराबाहेरचा फोटो : ऋतू, उजेड आणि आजीचे गुडघे

फोन बहुतेक वेळा असा येतो : “ताई, सगळ्यांचे एका रंगाचे कुर्ते शिवून झालेत, जागाही बघून ठेवलीय, तुम्ही कधी येताय?” कपडे ठरले, जागा ठरली, आणि वेळ म्हणे रविवारी जेवणं आटोपली की, साडेतीन-चारला. पुणे आणि आसपासच्या घरांतल्या माणसांचे फोटो काढायला लागून मला बारा वर्षं झाली. त्यात माझ्या हातून बिघडलेले जे फोटो आठवतात, ते जवळजवळ सगळे या क्रमामुळे बिघडले. तेव्हा आता मी पहिल्याच फोनवर सांगते : आधी माणसं, मग ऋतू आणि वेळ, मग जागा. कपडे सगळ्यांत शेवटी.

खालच्या वेळा पुणे-साताऱ्याच्या आहेत. नागपूरकडे सूर्य सरासरी वीसेक मिनिटं आधी उगवतो आणि मावळतो, तेवढा फरक धरावा. फोटो तुम्ही स्वतः मोबाइलवर काढणार असाल किंवा कुणाला बोलावणार असाल, तरी तयारी तीच आहे.

माणसांची यादी

वहीचं एक पान घ्या. फोटोत असणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे एक ओळ : आजी – पायऱ्या नकोत. बाळ – एक ते तीन झोपतं. काकू – जाड भिंगाचा चष्मा. दादा – शुक्रवारी रात्री बंगळूरहून येणार, शनिवारी दमलेला असेल. पान भरलं की त्यातली दोनच नावं बघा, सगळ्यांत मोठं माणूस आणि सगळ्यांत लहान. दिवस, वेळ, जागा या दोघांना जमेल अशीच ठरवायची. मधले सगळे कुठेही उभे राहू शकतात.

हे मी माझ्याच घरी शिकले. आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळं घर जमलं होतं. मे महिना होता. संध्याकाळी पाच वाजता मी सगळ्यांना घरामागच्या टेकडीवर नेलं, कारण तिथून खाली गाव छान दिसतं. मेमध्ये पाच वाजता सूर्य चांगला दोन कासरे वर असतो. सगळ्यांचे डोळे बारीक झाले, धाकटा भाचा रडायला लागला, आणि आजी चढून इतकी दमली की फोटोत तिने आईचं कोपर घट्ट धरलंय आणि नजर खाली जमिनीवर आहे, पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते शोधणारी. तो फोटो आम्ही कुठे लावला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सकाळी पावणेआठला, अंगणातल्या ओट्यावर, सगळे चहा पिऊन उठले तेव्हा मी पुन्हा फोटो काढला. वीस मिनिटांत झाला. आजी तिच्या रोजच्या जागी बसलेली, बाकीचे तिच्याभोवती. दिवाणखान्यात आज तोच आहे.

उजेड बघायला हात पुरतो

उजेड कळायला महागडं काही लागत नाही. डावा हात चेहऱ्यासमोर धरा, तळवा आपल्याकडे. जागच्या जागी सावकाश एक गिरकी घ्या आणि तळव्याकडे बघत राहा. एका दिशेला तळव्यावरच्या रेषा खोल, काळ्या दिसतील, बोटांच्या सावल्या एकमेकांवर पडतील. आणखी थोडं वळलात की त्याच रेषा हलक्या होतील, कातडी एकसारखी उजळ दिसेल. ती दिशा लक्षात ठेवा. माणसांचे चेहरे त्या दिशेला करायचे. आजीच्या सुरकुत्या कशा दिसणार हे तुमच्या तळव्याने तुम्हाला आधीच सांगितलेलं असतं.

बहुतेक वेळा ही दिशा सूर्याच्या उलटी निघते. सूर्य पाठीमागे, चेहरा मोकळ्या उजळ आकाशाकडे. डोळे बारीक होत नाहीत आणि केसांच्या कडेला उजेडाची किनार मिळते. फोटो जुन्या पद्धतीने काढणारे काका “सूर्याकडे तोंड करा” म्हणतील. त्यांना प्रेमाने एक फ्रेम तशी काढू द्या, मग सगळ्यांना वळवा.

झाडाखाली उभं राहताना कवडसे बघा. विरळ झाडाखाली, विशेषतः गुलमोहर, बाभूळ आणि चिंचेखाली, उन्हाचे ठिपके सरळ चेहऱ्यावर येतात आणि एका गालावर पांढरा डाग, दुसऱ्यावर काळोख असा फोटो होतो. तो नंतर कुणालाच नीट दुरुस्त करता येत नाही. आंबा, वड, फणस यांची सावली दाट आणि सलग असते. तिथेही अगदी बुंध्याशी जाऊ नका. सावलीच्या कडेला, बाहेरचा उजेड तोंडावर येईल असं थांबा.

आता सोनेरी उजेडाबद्दल. परदेशी लेखांत सूर्यास्ताआधीचा एक तास असं सांगितलेलं असतं. आपण विषुववृत्ताला त्यांच्यापेक्षा बरेच जवळ आहोत. आपल्याकडे सूर्य तिरका घसरत न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला साधारण चौदा अंश. त्यामुळे तो मऊ, पिवळा उजेड आपल्याला जेमतेम पाऊण तास मिळतो, आणि पश्चिमेला डोंगर असेल तर त्यातलीही वीस-पंचवीस मिनिटं डोंगर खातो. पंचांगात सूर्यास्त सव्वासहाचा असला तरी मुळशीच्या एखाद्या दरीत साडेपाचलाच सावली पडलेली असते. सूर्यास्त सहाला असेल तर सगळ्यांनी चारला जागेवर पोचावं असं मी सांगते. कुणीतरी साडेचारला येतंच, आणि पाचला काम सुरू होतं.

पावसाळा

लोकांना पावसाळ्यात फोटो काढायची भीती वाटते. मला विचाराल तर वयस्कर माणसं असलेल्या घरासाठी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर यांच्याइतका सोयीचा काळ नाही. जून-जुलैचा मुसळधार जोर ओसरलेला असतो, हिरवं सगळं ताजं असतं, आणि आभाळ भरलेलं असलं की उजेड सगळीकडून सारखा येतो. भर दुपारी बारालाही फोटो निघतो. म्हणजे आजीला पहाटे उठवायला नको आणि बाळाची झोप मोडायला नको.

ढगाळ उजेडाची एक खोड आहे, तो डोक्यावरून येतो. डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि माणूस दमलेला दिसतो. हनुवटी किंचित वर घ्यायला सांगा, किंवा समोर जमिनीवर पांढरी चादर अंथरा. चादरीवरून परतणारा उजेड डोळ्यांत जातो. घट्ट हिरवळीवर उभं राहिलात तर तीच हिरवळ हनुवटीखाली हिरवट छटा टाकते, तेव्हा फरशी, पायवाट, कातळ असं काही पायाखाली मिळालं तर बरं. पण कातळावर शेवाळं असतं. मी आधी स्वतः चालून बघते, मगच कुणाला बोलावते.

छत्री घ्यायचीच असेल तर काळी किंवा पारदर्शक घ्या. लाल छत्रीखाली सगळं घर लाल होतं, निळ्या छत्रीखाली आजारी दिसतं.

गाडीतला एसी चालू ठेवून गेलात तर बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढताक्षणी लेन्सवर वाफ धरते. मोबाइलचंही तेच होतं. पुसू नका, पुसून ती पुन्हा येते. शेवटची वीस मिनिटं एसी बंद करून काचा खाली करा.

पाऊस आलाच तर घराकडे वळा, कारण पडवीइतका सुंदर उजेड मला कुठल्या स्टुडिओत मिळालेला नाही. मागच्या सप्टेंबरात भोरजवळच्या एका घरी शेताच्या बांधावर फोटो ठरला होता. पोचलो आणि धो धो सुरू झाला. सगळे हिरमुसले. आजी मात्र पडवीत पाय पसरून ओल्या शेंगा सोलायला बसल्या. चार वर्षांचा नातू शेजारी येऊन टेकला. त्या शेंग फोडायच्या, दाणे सुपात टाकायच्या, आणि तो सुपातले दाणे उचलून तोंडात टाकायचा. सूप भरेना. तिसऱ्यांदा त्यांनी त्याचा हात धरला, मातीने काळी झालेली बोटं त्याच्या मनगटावर, आणि दोघंही एकदम हसले. बाहेर पावसाची पांढरी भिंत, तिचा उजेड दोघांच्या चेहऱ्यांवर. त्या घराने मोठा करून घेतला तो हा फोटो. कुर्ते त्यात नाहीत.

धबधब्यांबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढ्याचं पाणी काही मिनिटांत वाढतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन वाहत्या पाण्यात उतरायचं नाही, घोट्याएवढ्याही नाही. धबधबा मागे लांब दिसू द्या, फोटोत तो तसाच जास्त चांगला येतो.

साताऱ्याजवळच्या, फुलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कासच्या पठाराची विचारणा दर ऑगस्टला होते. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर आणि त्यात ही फुलं. एक बूड टेकलं की तेवढा तुकडा त्या वर्षी गेला. फुलांत बसलेल्या कुटुंबाचा फोटो तिथे काढू नका, कुणी काढून देतो म्हणाला तरी. तिथे फुलं बघायला जा, आधी बुकिंग करून. फोटोसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात घाटरस्त्यांच्या कडेला सोनकी पिवळीजर्द फुललेली असते, तिच्या अलीकडे, रस्त्यापासून सुरक्षित ठिकाणी उभं राहा. लांबची लेन्स किंवा मोबाइलवर दुप्पट झूम केलं की मागचा उतार सगळा पिवळा दिसतो.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत

दसऱ्याला टेकड्या हिरव्या असतात, दिवाळीपर्यंत गवत पिकून सोनेरी होतं. हे गवत मावळतीच्या उजेडात मागून पेटल्यासारखं दिसतं. पण त्यात कुसळं असतात. पैठणीच्या पदरात, मोज्यांत, बाळाच्या लंगोटात ती अशी घुसतात की अर्धा वेळ काढण्यात जातो. गवताच्या आत न शिरता कडेच्या पायवाटेवर थांबा आणि कॅमेरा खाली बसून धरा. गवत पुढेही दिसेल, मागेही दिसेल, अंगाला लागणार नाही. सकाळी काढणार असाल तर ऑक्टोबरची उष्णता धरून साडेआठच्या आत आवरा.

भाऊबीजेला सगळे एकत्र असतात, तेव्हा एक खास वेळ साधण्यासारखी आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो. त्यानंतरची दहा मिनिटं सोडा. पुढची दहा-पंधरा मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि आकाशकंदील, पणत्या, दारातला दिवा यांचा उजेड त्या निळ्याच्या तोडीस येतो. तेवढ्या वेळात अंगणात किंवा गच्चीत फोटो काढा. आधी काढलात तर पणत्या विझल्यासारख्या दिसतात, नंतर काढलात तर मागे नुसता काळा पडदा. फ्लॅश बंद. पणत्या पायाशी न ठेवता कमरेच्या उंचीला, कट्ट्यावर ठेवा, नाहीतर चेहऱ्यांवर खालून उजेड येऊन भुताटकी वाटते. मुलांना पणत्यांपासून हातभर लांब आणि काठाच्या साड्यांचे पदर खोचून, हे मी दर वेळी मोठ्याने सांगते.

डिसेंबर आणि जानेवारी हे फोटोचे राजे महिने. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे उजेड दिवसभर थोडा तिरपाच राहतो. सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी साडेचार ते सहा, अशा दोन भरपूर वेळा मिळतात. जानेवारीत सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो, म्हणून कुणाला पहाटे उठायला नको. परदेशातले मुलगे-सुना याच दिवसांत येतात, मुलांना नाताळची सुट्टी असते. साहजिकच सगळ्यांना हेच आठवडे हवे असतात. फोटोग्राफर बोलावणार असाल तर दिवाळीआधी विचारा.

थंडीत बाळाच्या कानावर टोपी असू द्या, फोटोपुरती काढा, लगेच घाला. ओठ आणि गाल फुटलेले असतात. आदल्या रात्री खोबरेल किंवा साय लावा, सकाळी नको, सकाळी लावलं तर कपाळ चकाकतं. नदीकाठी आणि तळ्याकाठी आठपर्यंत धुकं असतं. धुक्यात मोठा ग्रुप फिका येतो, पण आजोबा आणि नातवाने बोट धरून चालणं फार सुरेख येतं.

शेत असेल तर शेतातच काढा. या दिवसांत ज्वारी हुरड्यावर आलेली असते, उसाला तुरे आलेले असतात. उसाचा तुरा मागून उन्हात आला की चांदीसारखा दिसतो. हुरडा भाजताना, राखेत हात घालताना, तळहातावर चोळताना माणसं कॅमेरा विसरतात. वेगळी पोज द्यावी लागत नाही.

शिमगा आणि उन्हाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगरा, पळस फुलतात आणि पुण्यात रस्त्याकडेचे गुलाबी टॅबेबुया. झाडं सुंदर, पण निष्पर्ण, म्हणून सावली नाही. सकाळी सात ते आठ एवढीच वेळ धरा. घरात दहावी-बारावी असेल तर विषय काढूच नका.

एप्रिल-मे मी टाळते असं आधी सांगून टाकते. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत साडेनऊपासून साडेचारपर्यंत बाहेर माणसांचा बरा फोटो निघत नाही आणि म्हाताऱ्या-लहानांना त्या उन्हात उभं करणं योग्यही नाही. पण आंब्याच्या सुट्टीतच सगळी चुलत-मामे भावंडं गावी असतात, हेही खरं. मग सकाळी सहाला सूर्य उगवतो, सव्वासहा ते सव्वासात. मुलं तशीही लवकर उठून आंबे वेचायला पळतात, त्यांना तिथेच गाठा. आमराईची दाट सावली आठपर्यंत साथ देते. बहावा या दिवसांत फुलतो, त्याच्या पिवळ्या झुंबरांखाली पांढरे किंवा निळे कपडे खुलतात. आपलं राज्यफूल ताम्हण, तेही याच दिवसांतलं, जांभळं.

वळवाचा पाऊस पडून गेला की हवेतली धूळ बसते आणि तासभर उजेड धुतल्यासारखा स्वच्छ असतो. पण गडगडाट चालू असेतो झाडाखाली कुणी उभं राहायचं नाही. घरात बसा, चहा घ्या, आवाज थांबून अर्धा तास गेला की बाहेर या.

समुद्रावर

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभं राहिलात तर सूर्य मागे आणि चेहरे काळे. सूर्यास्ताचा रंग हवा तर माणसं काळीच ठेवा, हात धरलेल्या आकृत्या म्हणून काढा. त्यात माणसांमध्ये थोडं अंतर हवं, नाहीतर सगळ्यांचा मिळून एक काळा ढीग होतो. चेहरे हवे असतील तर सकाळी या. सूर्य माडांच्या आणि सुरूंच्या मागून, जमिनीकडून येतो आणि समुद्राला पाठ केलेल्या चेहऱ्यांवर पडतो. सूर्य झाडांवर चढायच्या आतला उजेड तर अगदी मऊ असतो, आणि दिवेआगर-गुहागरला त्या वेळी गर्दीही नसते.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या आठवड्यात रुंद पुळण होती म्हणून या आठवड्यात त्याच वेळी असेलच असं नाही. गावातल्या कोळ्यांना विचारा. ओहोटी लागल्यावर ओली वाळू आरशासारखी होते, तेव्हाचा फोटो दुप्पट देखणा.

जागा बघून येणं

ज्या वेळी फोटो आहे, त्याच वेळी आठवडाभर आधी जागेवर जाऊन या. वर्षभरात मावळतीची जागा बरीच हलते. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या उजवीकडे पंचवीसेक अंश मावळतो, डिसेंबरात तेवढाच डावीकडे. डिसेंबरात ज्या खिंडीतून ऊन आलं होतं ती जूनमध्ये अंधारी असते.

तिथे मी एवढं बघते : गाडीपासून किती पावलं (शंभर-दीडशेच्या वर नकोत), शौचालय किती लांब, बसायला कट्टा आहे का, बाळाला पाजायला आडोसा आहे का, आणि वर झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ आहे का. मोहोळ असेल तर जागा बदलते. यावर मी चर्चा करत नाही.

परवानगी हा कंटाळवाणा भाग आहे, पण तो चुकवला तर आजी-आजोबांसमोर पहारेकऱ्याशी वाद होतो. पालिकेच्या बागांमध्ये मोठा कॅमेरा काढला की विचारणा होते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. देवळात विश्वस्तांना विचारावं, शेतात मालकाला. वाईजवळ मेणवलीसारखा घाट फोटोला फार चांगला, पायऱ्यांवर माणसं आपोआप वरखाली बसतात, पण गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांना वरच्या पायरीवरच बसवा. ड्रोनचा हट्ट असेल तर एवढं लक्षात घ्या की पुण्यात लोहगावचा विमानतळ आणि खडकवासल्याची एनडीए यांच्या आसपास तो उडवायचा नसतो.

कपडे

सगळ्यांनी एकच रंग घातला की फोटोत बँडपथक दिसतं. दोन-तीन रंगांचं कुटुंब ठरवा. पावसाळ्यात हिरवा नको, माणूस रानात विरघळतो. मोहरी, डाळिंबी, अबोली, पांढरट हे खुलतात. सोनेरी गवतात मोरपंखी, गर्द निळा, वांगी रंग. समुद्रावर फिके, सुती. बारीक चौकडे आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात थरथरतात, त्या टाळा.

आजीला नवीन साडी नेसवू नका. तिला सवयीची, मऊ झालेली, तिच्या आवडीची नेसू द्या, आणि सगळ्यांचे रंग तिच्या साडीवरून ठरवा. आजोबांना टोपी घालायची असेल तर घालू द्या, फक्त थोडी मागे सारा, कपाळावर सावली येते. पिशवीत टाचण्या, टिकल्यांचं पाकीट, रुमाल, कंगवा, पाणी, बाळाचा जास्तीचा जोड, घडीची खुर्ची आणि राजगिऱ्याचे लाडू. चॉकलेट नको, दात काळे होतात.

त्या दिवशी

मोठा ग्रुप पहिल्या दहा मिनिटांत. मुलांचा उत्साह आणि आजोबांची कंबर या दोन्ही गोष्टी नंतर कमी होत जातात. घड्याळ, किल्ल्या, मोबाइल खिशांतून काढून एका पिशवीत टाका.

सरळ रांग लावू नका. वडीलधाऱ्यांना मध्ये खुर्चीवर बसवा, लहानांना त्यांच्या मांडीवर किंवा पायाशी, बाकीचे मागे आणि बाजूला, कुणी खुर्चीच्या हातावर टेकलेलं. दोन चेहरे एका उंचीवर आले की एकाला अर्धं पाऊल पुढे घ्या. कुणी कुणाशेजारी उभं राहायचं हे मी ठरवत नाही, घरातल्या एका समजूतदार काकूंना ठरवू देते. कुणाचं कुणाशी बोलणं नाही हे त्यांना ठाऊक असतं. आणि जावई-सुना कडेला पडल्या नाहीत ना, हे एकदा नजरेने मोजते.

डोळे मिटतातच. सगळ्यांना डोळे बंद करायला सांगा, तीन म्हणताच उघडायला सांगा, आणि लगेच सलग आठ-दहा फ्रेम काढा. चष्म्यावर चमक आली तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचला, काचा खाली झुकतात आणि चमक जाते. मुलांना “हस, हस” म्हणू नका, ती दात दाखवतात. आजोबांना मुलांच्या बापाची लहानपणची एखादी फजिती सांगायला सांगा. मी हे शेकडो वेळा केलंय. आधी आजोबा हसतात, मग बाप लाजतो, आणि मुलं बापाकडे बघत राहतात. तिथे बटण दाबायचं.

कॅमेरा असेल तर दोन रांगांच्या ग्रुपला अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते) एफ ५.६ ते ८ ठेवा, नाहीतर मागची रांग पुसट होते. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान, पळणाऱ्या मुलांना १/५००. मोबाइल असेल तर आधी सुती कापडाने लेन्स पुसा. वाइड लेन्स वापरू नका, कडेची माणसं जाड दिसतात, चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. ग्रुपला पोर्ट्रेट मोड नको, तो कुणाचे केस तर कुणाची बोटं खातो. स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा. आणि घरात रोज फोटो काढणारं जे माणूस आहे, ते एकाही फोटोत नसतं. त्याच्या हातातला फोन घ्या, टायमर लावा, त्याला आत उभं करा.

घरी आल्यावर

पन्नास चांगले फोटो निवडू नका, सात निवडा. मूळ फाइल व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवली तर ती आकसते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. भिंतीसाठी १२ × १८ इंच हा आपल्याकडच्या लॅबमध्ये सहज मिळणारा आकार. मोबाइलचा फोटो ४:३ असतो, या आकारात तो वरखाली कापला जातो, म्हणून काढतानाच डोक्यांवर आणि पायांखाली जागा सोडलेली बरी. खिडकीसमोरच्या भिंतीला मॅट कागद घ्या, चकचकीत कागदात खिडकीच दिसते. थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, चार-पाच वर्षांत रंग उडतात.

फ्रेम करायला देण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तारीख, जागा आणि डावीकडून सगळ्यांची नावं लिहा. आमच्या ओट्यावरच्या फोटोमागे आईने नावं लिहिलीत, त्याखाली सकाळी पावणेआठ असं लिहिलंय, आणि आजीने ते वाचून तिच्या हाताने एक ओळ वाढवलीय : चहा नंतर पुन्हा झाला.